आफ्रिकन केसांच्या बारीक वेण्या कशा सोडवायच्या?

विश्रामबागवाली:
सांगलीत छोटं पार्लर आहे. केनियाची एक विद्यार्थिनी शनिवारी वेण्या सोडवून घ्यायला येतेय. डोकंभर पेन्सिलीएवढ्या वेण्या, आत गंगावनासारखे नकली केस गुंफलेले, घालून 8 आठवडे झालेत. आधी शाम्पूनं मऊ करू की कोरड्याच सोडवू? नंतर स्मूदनिंगचं (केस सरळ करून देण्याचं) विचारलं तर चालेल? पाणी बोअरचं आहे.

मिरजेची फणी:
आधी पाणी अजिबात नको. रोज 50 ते 100 केस आपोआप सुटतात, पण वेणीत ते तिथंच अडकून राहतात. 8 आठवड्यांचे किमान 2,800 धरा. त्यावर पाणी पडलं की जट होते, मग कात्रीच. (पुंजके निघाले म्हणून घाबरू नका, ती गळती नव्हे.)

नकली केस कापण्याआधी तिचे स्वतःचे कुठवर आलेत ते तिलाच विचारा, शिवाय वेणी चाचपून बघा. त्यांच्या टोकाखाली चार बोटं सोडून कात्री चालवा. हे केस सुटे असले की आखडून कानापाशी येतात, वेणीत मात्र खांद्यापर्यंत ताणलेले असतात. घोटाळा तिथंच होतो.

मग टेल कोंबच्या (टोकदार दांडीच्या फणीच्या) दांडीनं खालून वर पेड उकला. मुळाशी, वेणी सुरू होते तिथं, मळाचं राखाडी कडं साचलेलं दिसेल. त्यावर कंडिशनर लावून 10 मिनिटं थांबा आणि बोटांनी आडवं फाकवत फोडा. इथं फणी घातलीत तर केस तुटलाच म्हणून समजा. सगळं सुटलं की 8 भाग करा, कंडिशनर लावून रुंद दातांच्या फणीनं टोकाकडून मुळाकडे गुंता काढा, प्रत्येक भागाला पीळ घालून चाप लावा. शाम्पू त्यानंतर, पीळ न सोडता, फक्त टाळूवर. केस डोक्यावर गोळा करून चोळायचे नाहीत.

अजिंक्यतारा:
स्मूदनिंगचा विषय तुम्ही काढू नका, ताई. तिनंच काढला तर आधी रिलॅक्सर (कुरळे केस सरळ करणारं रसायन) केलंय का विचारा. त्यांच्याकडचं रिलॅक्सर बहुधा हायड्रॉक्साइडचं, आपलं रिबॉन्डिंगचं क्रीम थायोग्लायकोलेटचं. एकावर दुसरं लावलं की केस हातात येतात. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. मुळाशी दोन-तीन सेंटिमीटर घट्ट कुरळा आणि पुढं एकदम सरळ दिसला, की रिलॅक्सर केलंय हे ओळखायचं.

आणि दुसरं असं, की केनियात कितीतरी शाळांमध्ये मुलींना केस बारीक कापूनच ठेवावे लागतात. वाढवलेल्या केसांना तिथं किती मोल असेल बघा. अमेरिकेत तर वेण्या, अफ्रो (गोल फुललेले कुरळे केस) यांवरून नोकरीत आणि शाळेत अडवू नये म्हणून कॅलिफोर्नियाला 2019 मध्ये क्राउन कायदा करावा लागला. ‘सरळ करून देऊ का?’ आपल्याला साधं वाटतं, तिला टोचू शकतं.

विश्रामबागवाली:
बरं झालं विचारलं. धुतल्यावर कोमट खोबरेल चोपडते, म्हणजे मऊ राहतील ना?

मिरजेची फणी:
चोपडू नका. तेलानं ओलावा येत नाही, असलेला टिकतो. केस ओले असतानाच लीव्ह-इन (धुवून न टाकायचं) कंडिशनर, त्यावर तेलाचे चार थेंब, तेही टोकांना. एवढ्या वळणांतून टाळूचं तेल खाली उतरत नाही, म्हणून टोकंच कोरडी पडतात. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यानं नको, आरओचं 3-4 लिटर बाजूला ठेवा. कानशिलापाशी पुटकुळ्या किंवा विरळ जागा दिसली तर तिला दाखवा, तिथं इतक्यात ताणून वेण्या नकोत. चार तास मोकळे ठेवा आणि पैसे तासावर ठरवा, तेही आधीच.