वजनाचा वारसा आणि हृदयाचा वारसा

आई: शाळेच्या तपासणीत नातवाचे वजन जास्त भरले, ही गोष्ट सूनबाईंनी एवढी मनाला लावून घेऊ नये. आपल्या घराण्याचा बांधाच भारी आहे आणि तो ह्यांच्याकडून आला आहे.

वहिनी: आई, बांधा जर घराण्याचा असेल, तर दर वेळी बोल मला आणि मुलाच्या जिभेला का लागतो? नऊ वर्षांच्या मुलाला हावरा म्हटलेले मला यापुढे ऐकवणार नाही.

ताई: वहिनी, बालरोगतज्ज्ञ म्हणून मी तुमच्या बाजूने आहे. डेन्मार्कमधील 540 दत्तक व्यक्तींचा अभ्यास 1986 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांच्या शरीराचा बांधा वाढवणाऱ्या आईवडिलांशी नव्हे, तर जन्मदात्यांशी जुळला. वजनावर परिणाम करणारी बरीचशी जनुके मेंदूत काम करतात, म्हणजे पोट भरल्याची जाणीव कुणाला लवकर होते आणि कुणाला उशिरा, हे काही अंशी जन्मतःच ठरलेले असते. भूक जास्त लागणे हा स्वभावदोष नाही. पण आई, म्हणून काहीच करता येत नाही, असेही नाही. लठ्ठपणाशी संबंध 2007 साली उघड झालेल्या एफटीओ या जनुकाच्या, जोखीम वाढवणाऱ्या दोन्ही प्रती असलेल्या प्रौढांचे वजन सरासरी सुमारे 3 किलोच जास्त आढळले. अशी लहानसहान प्रभावाची शेकडो जनुके एकत्र येतात आणि झोप, खेळ व घरातील खाणे यांवर त्यांचा परिणाम वाढतो किंवा कमी होतो.

दादा: मग त्याची जनुकीय चाचणी करून घेऊ का? जाहिराती पाहतो आहे.

ताई: दादा, घाई नको. वयाच्या पाचव्या वर्षाआधीच वजन अतोनात वाढलेले असेल आणि भूक कशानेच शमत नसेल, तर ती चाचणी उपयोगी पडते. 1997 साली लेप्टिन या संप्रेरकाचा जन्मजात अभाव असलेली दोन चुलत भावंडे आढळली. त्यांतील आठ वर्षांच्या मुलीचे वजन 86 किलो होते. बाहेरून लेप्टिन दिल्यावर तिची भूक आवरली आणि वजन उतरू लागले. आपल्या मुलाचे वजन सहाव्या-सातव्या वर्षानंतर हळूहळू वाढले आहे. त्याच्यासाठी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासणे अधिक महत्त्वाचे. त्यातून दिलासा देणारी एक गोष्ट सांगते. चार दीर्घकालीन अभ्यासांतील 6328 व्यक्तींची माहिती 2011 साली एकत्र मांडली गेली, तेव्हा बालपणी लठ्ठ असूनही मोठेपणी लठ्ठ न राहिलेल्यांची मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धमन्यांच्या काठिण्याची जोखीम कधीच लठ्ठ नसलेल्यांइतकीच आढळली.

मी: म्हणजे माझी लेक काडीसारखी आहे, तिची काळजी नको.

ताई: उलट मला तिचीच चौकशी करायची होती. बाबा 47 व्या वर्षी हृदयविकाराने गेले. पुरुषाला 55 पूर्वी किंवा स्त्रीला 65 पूर्वी हा आजार झाला, तर पुढच्या पिढीकडे लक्ष द्यावे लागते. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल हा विकार साधारण 250 ते 300 माणसांत एकाला असतो आणि त्याचा वजनाशी संबंध नसतो. रक्तातील एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, यकृताकडून पुरेसे उचलले जात नाही आणि ते जन्मापासून धमन्यांत साचत राहते. मूल सडपातळ असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. वजनाचा आणि हृदयाचा वारसा एकाच पेटीतून येतो, असे आपण गृहीत धरतो. पण एमसी4आर जनुकातील दोषामुळे लठ्ठ झालेल्या कित्येकांचा रक्तदाब त्यांच्या वजनाच्या मानाने कमीच आढळतो.

आई: ह्यांच्या रक्ताचा अहवाल कपाटात आहे. तेव्हा डॉक्टर रक्तातील चरबी फार वाढली आहे म्हणाले होते, पण ते बारीक होते तेव्हापासून तसेच होते.

दादा: आता सांगूनच टाकतो. मी दीड वर्षापासून कोलेस्टेरॉलची गोळी घेतो आहे. माझे एलडीएल 214 होते. सगळे काळजी करतील म्हणून बोललो नाही.

वहिनी: मलाही नाही?

ताई: दादा, ही माहिती कोणत्याही जनुकीय चाचणीपेक्षा मोलाची होती. तुझ्यात तो दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि बाबांकडून आला असेल, तर आम्हा दोघांनाही तीच शक्यता लागू होते. मुलाचे कोलेस्टेरॉल या आठवड्यात तपासा. धाकट्या, तुझी तपासणी मुलीच्या आधी कर. माझी मी उद्या सकाळी करते.

मी: आई, तो अहवाल आज रात्री फोटो काढून आपल्या या ग्रुपवर टाकशील का?

आई: चष्मा सापडला की टाकते.