मदत हवी आहे: साल्सात ऑन-वनवरून ऑन-टूकडे कसं वळू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात वर्षभर साल्सा हा जोडीनं करायचा लॅटिन नाच शिकले, ऑन-वन पद्धतीचा. आठ मात्रांत १-२-३ आणि ५-६-७ वर पाऊल, ४ आणि ८ मोकळ्या, दिशा बदलायची ती १ आणि ५ वर. चार महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कला आले. इथे मी जाते त्या सोशलला (म्हणजे सगळे जमून नाचतात त्या कार्यक्रमाला) बहुतेक जण ऑन-टू नाचतात, नृत्यशिक्षक एडी टोरेस यांनी रुळवलेल्या पद्धतीनं. मोकळ्या मात्रा त्याच, फक्त दिशा २ आणि ६ वर बदलते. ऐकायला फरक एवढासा, पण दुसऱ्या टर्नपर्यंत मी परत १ वर गेलेली असते. जोडीदाराला थांबावं लागतं, आणि मला फार वाईट वाटतं. हा नाच मनापासून आवडतो हो.

अडचण कानाची असावी. लहानपणी तबला शिकलेय, त्यामुळे मी सम शोधत राहते. तीनतालात सगळे समेवर येऊन भेटतात. इथे बास (खर्जातलं तंतुवाद्य) बहुतेक वेळा १ वर वाजतच नाही, आधीच्या ४ वरच वाजून मोकळा होतो!

दुसरे लॅटिन नाच येतात: बचाटा जमतो (तीन पावलं, चौथ्या मात्रेला टॅप). मेरेंगे तर मात्रेगणिक एक पाऊल, त्यात चुकायला जागाच नाही. मग साल्सासाठी काय करू? ऑन-वन पूर्ण बंद करू का?

प्रतिसाद:
ताई, बंद नका करू. तुम्ही तबला शिकलाय ना, मग समेऐवजी कोंगा (हातानं वाजवायचा उंच ढोल) ऐका. त्याच्या नेहमीच्या ठेक्यात २ वर कोरडी, बंद थाप पडते आणि ४ ला दोन खुले, घुमणारे बोल येतात. आठवडाभर पाय न हलवता नुसती त्या थापेवर टाळी द्या. मग चा-चा-चा शिका. एनरिके होरिन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हवानात रुळवलेला हा प्रकार संथ आहे, आणि त्यातही दिशा २ वरच बदलते. मला ऑन-टू त्यातूनच सापडला.

धागाकर्ती:
मनापासून आभार! टाळी आजपासूनच सुरू करते. कोंगा स्पष्ट ऐकू येईल अशी रेकॉर्डिंग कुणी सुचवाल का? नव्या गाण्यांत मला तो ट्रम्पेटखाली बुडालेला वाटतो.