मदत हवी आहे : कॅसेटवरून रेकॉर्ड करताना रेकॉर्डर आपोआप नवीन फाइल पाडतोय

घरातल्या जुन्या कीर्तनाच्या कॅसेट्स डिजिटल करतोय, सी-९० आहेत, म्हणजे एक बाजू ४५ मिनिटं. कॅसेट डेकच्या हेडफोन सॉकेटमधून केबल थेट रेकॉर्डरच्या लाइन-इनला (बाहेरच्या यंत्राचा आवाज केबलने आत घ्यायचं सॉकेट). रेकॉर्डर लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलाय, मॅन्युअल मिळालं नाही.

प्रॉब्लेम असा की बुवा जरा थांबले की नवीन ट्रॅक सुरू! एका बाजूचे काल १९ तुकडे झाले. जोडता येतात ओ ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर), पण प्रत्येक तुकड्याची सुरुवातच खाल्लेली असते, 'विठ्ठल' मधला 'वि' गायब आणि नुसता '…ठ्ठल' ऐकू येतो.

फाइल साइजमुळे होत नसावं, कारण ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट स्टिरिओ वेव्ह फाइलला ४५ मिनिटांचे जेमतेम ४७५ एमबी होतात, २ जीबीच्या मर्यादेच्या जवळपासही नाही. कार्ड बदललं, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट केलं, व्हॉइस अॅक्टिव्हेशन ऑफ केलं, मेनूत ऑटो ट्रॅक आहे तोही ऑफ. डेकचा आवाज वाढवला तर तुकडे कमी झाले पण बुवा वर चढले की आवाज फाटतो. गंमत म्हणजे आतल्या माइकवर असं अजिबात होत नाही, पण चाळीत पंखा आणि शेजारचा टीव्ही धरून माइकवर कसं करणार? लॅपटॉपला लाइन-इन नाही, आणि कॅसेटी इतक्या जुन्या आहेत की पुन्हा पुन्हा वाजवायची भीती वाटते.

लाइन-इनसाठी सिंक्रो रेकॉर्डिंगसारखं (आवाज आला की आपोआप सुरू, शांतता झाली की बंद) वेगळं सेटिंग असतं का, आणि ते मेनूत साधारण कुठे सापडतं?