मदत हवी आहे: आईच्या डब्यात ड जीवनसत्त्व नेमकं किती जातंय, आणि आधी काय थांबवायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं एकदाच सांगितलं तर तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

आई ६९ वर्षांची, सांगलीत असते. थायरॉइड आणि बीपी आहे, शुगर नाही (नुकतीच तपासली, व्यवस्थित आहे). गेले काही आठवडे तिच्या तोंडाला चव नाही, पोट साफ होत नाही, सारखी तहान लागते आणि रात्री लघवीला बऱ्याचदा उठावं लागतं. अंगात त्राण नाही म्हणते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वय झालं, शक्तीच्या गोळ्या सुरू कर." त्या तर आधीपासूनच सुरू आहेत! म्हणून मी तिचा औषधांचा डबा पलंगावर ओतला आणि एकेका पाकिटावरचं बारीक अक्षर वाचत बसले.

सकाळी सहाला थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी. आधी ५० ची होती, टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलं म्हणून डोस वाढवला. साडेसहाला चहा. नाश्त्याबरोबर बीपीची, टेल्मिसार्टन, नावापुढे 'एच' आहे. त्याच वेळी कॅल्शियमची एक आणि रात्री जेवणानंतर दुसरी. तिच्यावर लिहिलंय 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन डी-थ्री ५०० आययू' (डी-थ्री म्हणजे ड जीवनसत्त्वच, आययू हे त्याचं मोजायचं एकक). दर रविवारी ड जीवनसत्त्वाची साठ हजार आययूची गोळी. ही हाडांच्या डॉक्टरांनी गुडघेदुखीसाठी मागच्या वर्षी दिली होती, चिठ्ठीवर आठ आठवडे असं स्वच्छ लिहिलंय. पण रिकामी पट्टी दाखवली की दुकानातून नवी मिळते, त्यामुळे ती कधी थांबलीच नाही.

याशिवाय मावसबहिणीने न्यू जर्सीहून आणलेल्या दोन बाटल्या. एक पन्नाशीपुढच्या बायकांचं मल्टिव्हिटॅमिन, त्यात डी १००० आययू. दुसरी नुसत्या डी-थ्रीची, १२५ मायक्रोग्रॅम. हे १२५ बघून मला हायसं वाटलं होतं, पण शेजारी बारीक अक्षरात ५००० आययू दिसलं. आणि केसांसाठी बायोटिन, १० मिलिग्रॅम.

बेरीज केली. साठ हजार भागिले सात म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ हजार, अधिक पाच हजार, अधिक कॅल्शियमच्या दोन गोळ्यांतले एक हजार, अधिक मल्टिव्हिटॅमिनमधले एक हजार. दिवसाला साडेपंधरा हजार आययू! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात प्रौढांसाठी रोज ६०० आहे.

आईला सांगितलं तर म्हणते, "अगं जीवनसत्त्वंच ती, औषध थोडंच आहे? जास्तीचं लघवीवाटे निघून जातं." हे खरं आहे का? तिचा त्रास यामुळे असू शकतो का? कुठली तपासणी करायची, आणि डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत काय बंद केलं तर चालेल? मला तिच्या गोळ्यांशी मनाने खेळायचं नाही, पण हे असंच चालू ठेवायचीही भीती वाटते.

रानजाई
तुम्ही बेरीज केलीत हे फार चांगलं केलंत. माझ्या मते सगळ्याच गोळ्या थोतांड आहेत. बंद करा आणि सकाळी अर्धा तास कोवळ्या उन्हात बसवा.

मेडिकलवाले_काका
रानजाई, तसं सरसकट म्हणू नका. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता खरोखर खूप आहे आणि आठवड्याला साठ हजार असे आठ आठवडे ही नेहमीची, योग्य उपचारपद्धती आहे. बिनसतं ते आठ आठवड्यांनंतर. पुढे महिन्याला एक किंवा रोजची छोटी मात्रा असं डॉक्टर ठरवून देतात, पण पेशंट परत जातच नाही. दुकान चालवतो म्हणून सांगतो, जुनी पट्टी घेऊन येणाऱ्याला "किती आठवडे झाले?" एवढं विचारलं तरी निम्मे लोक गोंधळतात. ते विचारणं आमचं कामच आहे.

कृष्णाकाठ, आई म्हणतात ते बी आणि सी गटाला बऱ्याच अंशी लागू आहे, कारण ती पाण्यात विरघळतात. (तिथेही सूट नाही. बी-सिक्स फार मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर हातापायांच्या नसा बिघडतात.) ए, डी, ई, के ही चरबीत विरघळणारी. ती अंगात साठतात, बाहेर पडायला वेळ घेतात. आणि मायक्रोग्रॅमच्या आकड्यावर जाऊ नका. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. तुमचे १२५ गुणिले ४०, झाले पाच हजार. परदेशी बाटल्यांवर मोठ्या अक्षरात मायक्रोग्रॅम असतं, आपल्या पट्ट्यांवर आययू, आणि नाव पुष्कळदा 'कोलेकॅल्सिफेरॉल' असं लिहिलेलं असतं. तेही डी-थ्रीच.

कॅल्शियमचं उलटं. १२५० वाचून घाबरू नका, त्यात खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं, बाकीचं कार्बोनेट. जेवणाबरोबर घेतात ते बरोबर आहे. पण थायरॉइडची गोळी सहाला आणि कॅल्शियम नाश्त्याला, इथे मला शंका येते. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच पकडून ठेवतात, मग ते रक्तात नीट पोचत नाही. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. टीएसएच वाढण्याचं कारण हेच असू शकेल. गोळीनंतर अर्ध्या तासात चहाही नको, तासभर तरी जाऊ द्या. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह किंवा कॅल्शियम आहे का तेही बघा, असेल तर तीही सकाळी नको.

ओपीडी_नंतर
मी डॉक्टर आहे, पण पेशंट समोर नसताना निदान करत नाही. तरीही तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की थांबून चालणार नाही असं दिसतं. भूक जाणं, बद्धकोष्ठ, तहान, सारखी लघवी, थकवा ही सगळी लक्षणं रक्तातलं कॅल्शियम वाढल्यावर दिसतात. ड जीवनसत्त्व जास्त झालं की आतडं अन्नातून जास्त कॅल्शियम ओढतं. त्यात कॅल्शियमच्या गोळ्या. आणि बीपीच्या गोळीतला तो 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. ते लघवीवाटे बाहेर जाणारं कॅल्शियम अडवून धरतं. तिन्ही एकाच दिशेने ढकलतायत.

उद्याच फॅमिली डॉक्टरांना गाठा. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (अंगातल्या ड जीवनसत्त्वाची पातळी), एवढं तरी हवं. कॅल्शियमचा अहवाल सर्वांत महत्त्वाचा. ड जीवनसत्त्व मिलिलिटरला १५० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की विषारी पातळी मानतात, पण ज्यांना हे 'एच'वालं थायझाइड सुरू आहे त्यांचं कॅल्शियम त्याच्या आतही वाढू शकतं, म्हणून नुसत्या डी च्या आकड्यावर निर्धास्त होऊ नका. तपासणी होईपर्यंत साठ हजारांची, पाच हजारांची, मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियम थांबवायला हरकत नाही. थायरॉइड आणि बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका, बीपीची बदलायची का ते डॉक्टर ठरवतील. आई बरळायला लागल्या, खूप झोपाळल्या, सारख्या उलट्या झाल्या किंवा छातीत धडधडलं तर वेळ न घालवता हॉस्पिटलमध्ये न्या.

पानमळा
सगळं थांबवताना बी-ट्वेल्व्हचं मात्र डॉक्टरांना वेगळं विचारा. आमचे बाबा शाकाहारी आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीवर. तळपायाला मुंग्या यायच्या, शुगरमुळे असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. तपासलं तर बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला. मेटफॉर्मिनने ते कमी होतं. आणि कुणी नुसतं फॉलिक ॲसिड सुरू केलं तर रक्ताचा अहवाल सुधारतो, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. अहवाल आले. कॅल्शियम ११.४ (कागदावर वरची मर्यादा १०.५ आहे), व्हिटॅमिन डी ११८, क्रिएटिनिन किंचित वाढलेलं. डॉक्टरांनी डबा बघितला आणि म्हणाले, "आज आलात ते बरं झालं." डी आणि कॅल्शियम पूर्ण बंद, बीपीची गोळी 'एच' नसलेली दिली, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात कॅल्शियम परत तपासायचं. साठलेलं डी उतरायला काही आठवडे, कदाचित महिने लागतील म्हणाले. पानमळा, तुमच्यामुळे बी-ट्वेल्व्हही तपासलं, ते कमी निघालं, त्याची गोळी सुरू झाली. आई आता स्वतःहून विचारते, "ही घेऊ ना नक्की?"

एक राहिलं. बायोटिनचं कुणीच काही बोललं नाही. टीएसएच परत करायचंय. घेतलं तर चालेल?

मेडिकलवाले_काका
रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, आणि लॅबला व डॉक्टरांना ती घेत होत्या हे सांगा. बऱ्याच लॅबच्या थायरॉइड तपासणीत बायोटिन ढवळाढवळ करतं. टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतं, आणि त्या आकड्यावर डोस ठरला तर चुकतो. हृदयविकारात करतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीतही हाच घोळ होऊ शकतो. केस गळण्याचं कारण थायरॉइडच असेल, तर १० मिलिग्रॅम बायोटिनने काय साधणार हेही डॉक्टरांना विचारा.

एक कागद करून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. गोळीचं नाव, त्यात काय काय आणि किती, कुणी दिली, कधीपर्यंत घ्यायची. बाहेरून आलेल्या बाटल्याही त्यात लिहा, डॉक्टरांना त्या दिसतच नाहीत. आणि साठ हजारांच्या गोळीचा त्रास झाला हे औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतं, पेशंटच्या घरचेही कळवू शकतात. पाकिटावरचा बॅच नंबर हाताशी ठेवा.

कृष्णाकाठ
कागद आजच करते. रिकाम्या पट्ट्याही टाकून देते, म्हणजे दुकानात दाखवायला उरणारच नाहीत. बॅच नंबर आधी उतरवून घेते.