शिलाँगहून डावकी एका दिवसात: उमंगोट नदीचा तळ दिसायला कधी पोहोचावं?

पाऊलवाट (प्रश्न)

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिलाँगला मुक्काम आहे. चार मोठे आणि सात वर्षांचा मुलगा, चालकासह भाड्याची गाडी. एकच दिवस हाताशी आहे. डावकी, मावलिन्नाँग गाव, झाडांच्या जिवंत मुळांचा पूल आणि क्रांग सुरी धबधबा असं सगळं होईल, असं गाडीवाला सांगतोय. होडी हवेत तरंगल्यासारखी दिसते ते पाणी खरंच बघायचं असेल तर क्रम कसा लावावा?

घाटमाथा

आधी नदी, बाकी सगळं नंतर. बरेच गाडीवाले सकाळी मावलिन्नाँग करून दुपारी अडीच-तीनला डावकी गाठतात, आणि तिथेच दिवस वाया जातो. उमंगोट उत्तरेकडून दक्षिणेला वाहते, दोन्ही बाजूंना डोंगर. ऊन कललं की पश्चिमेच्या डोंगराची सावली पात्रावर पडते, मग तळ दिसत नाही, पाण्यावर फक्त आभाळाची चकाकी दिसते. देशाच्या इतक्या पूर्वेला डिसेंबरात सूर्य सव्वाअकराच्या आसपासच सर्वांत वर असतो आणि शिलाँगला साडेचारला मावळतो. म्हणून दहा ते बारा या वेळात होडीत असायला हवं. होडीची तळावरची सावली तेव्हाच नीट उमटते. वारा नसणंही तितकंच महत्त्वाचं, बारीक लाटा उठल्या की तळ मोडका-तोडका दिसतो. पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कमी करणारा) गॉगल असेल तर जरूर घ्या.

महिना चांगला निवडलाय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी नितळ असतं. पावसाळ्यात हीच नदी मातकट होऊन फुगते. मात्र वरच्या बाजूला रस्त्यासाठी डोंगर कापायचं काम चालू असेल तर माती उतरून हिवाळ्यातही पाणी गढूळ होऊ शकतं. आदल्या संध्याकाळी तिथल्या होडीवाल्यांकडे किंवा हॉटेलात चौकशी करून मगच निघा.

चाकोरी

अंतर ८० किमीच्या आसपास, पण अडीच ते तीन तास धरा. साडेसहाला निघा. लैटलिंगकोट, पिनुर्स्ला असा रस्ता आहे आणि पिनुर्स्लाच्या पट्ट्यात धुकं दाटतं. शिलाँग सुमारे १,५०० मीटरवर, डावकी जवळजवळ मैदानाच्या पातळीला. म्हणजे पिनुर्स्लानंतर सलग उतार. चालक सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरायला सांगा, ब्रेक तापले की धरत नाहीत. मुलाला गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास द्या, वळणं सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही.

डावकीचा १९३२ चा झुलता पूल एकपदरी आहे, एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. शिवाय बांगलादेशात तामाबिलकडे चुनखडी नेणाऱ्या ट्रकच्या रांगा लागतात. लवकर पोहोचायचं हे दुसरं कारण. पुलावर गाडी थांबवून फोटो काढू नका.

नदीकाठ

डावकीला होड्यांच्या घाटावर गर्दी फार. पूल ओलांडून सात-आठ किलोमीटर वर श्नोंगपडेंग आहे, तिथे पात्र शांत आणि माझ्या मते पाणी जास्त सुंदर. लहान मूल बरोबर असताना मी तेच सुचवेन. पण पुलावर मोठी रांग दिसली तर हट्ट धरू नका, डावकीलाच होडीत बसा; दहा ते बारा ही वेळ हातची जाऊ देण्यात अर्थ नाही.

होड्या लाकडी, वल्ह्याच्या. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं मागून घ्या आणि सगळे पट्टे आवळा, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर निसटतं. पाणी इतकं स्वच्छ की खोली फसवते: कमरेएवढं वाटतं तिथे डोक्यावरून जाईल. काठावरचे गोटे शेवाळलेले असतात, मागे पट्टा असलेल्या रबरी चपला घाला. रोख पैसे ठेवा.

पाऊलवाट

मग क्रांग सुरी सोडून द्यावं का?

घाटमाथा

हो, सोडा. तो जोवाईच्या रस्त्यावर आहे आणि मावलिन्नाँग पिनुर्स्लाच्या बाजूला. दोन्ही जोडलेत तर नदीवर घाई होईल. साडेबारापर्यंत डावकी सोडा, पोंगतुंगच्या फाट्यावरून मावलिन्नाँगकडे वळा, जवळच रिवाईचा मुळांचा पूल बघा. साडेतीनला परतीला लागा. चढ आणि धुकं अंधारात येणारच, पण निदान अरुंद गावरस्ता उजेडात संपेल. धबधबाच हवा असेल तर मावलिन्नाँग वगळून जोवाईमार्गे परत या, तो रस्ता लांबचा आहे.

रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात.

चाकोरी

एक राहिलं. डावकीला फोन बांगलादेशचं नेटवर्क पकडतो आणि घड्याळ अर्धा तास पुढे जातं. रोमिंग आणि आपोआप वेळ बदलणं दोन्ही शिलाँगलाच बंद करा. परवाना लागत नाही, पण सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. नदीतच सीमा आहे आणि कुंपण नाही, त्यामुळे वाळूवर चालताना सीमा सुरक्षा दलाचे जवान सांगतील तिथेच थांबायचं.