मदत हवी आहे : घर आणि काम यांच्या सरमिसळीची नोंद कशी ठेवावी?

सॅन होजे स्टेट विद्यापीठातील चार्ल्स डॅरा, जेम्स फ्रीमन आणि जॅन इंग्लिश-ल्यूक या मानववंशशास्त्रज्ञांनी सिलिकॉन व्हॅलीतील १४ कुटुंबांचा दिनक्रम जवळून पाहिला आणि २००७ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच धर्तीवर मी तंत्रज्ञान क्षेत्रातील काही कुटुंबांचा लहानसा अभ्यास करीत आहे. अडचण नोंदींची आहे. मुलाला गणित शिकवता शिकवता आई मांडीवरच्या लॅपटॉपवरून सहकाऱ्याला उत्तर देते, तेव्हा तो वेळ कामाचा लिहावा की घराचा? तासांचे रकाने येथे अपुरे पडतात (मुलाखतीत मात्र बहुतेक जण ‘आम्ही काम घरी आणत नाही’ असेच सांगतात). प्रत्यक्ष निरीक्षणाचा अनुभव असलेल्यांनी अशा दुहेरी क्षणांची नोंद कशी ठेवली आणि घरातील लहान मुलांच्या संमतीचा प्रश्न कसा हाताळला, हे कृपया सविस्तर कळवावे.