'गणना' म्हणायचं की 'अदमास'?

सहकारनगर, पुणे:
जुन्नर तालुक्यातल्या ग्रामसभांसाठी बिबट्यांवरचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. देशातल्या बिबट्यांच्या २०२२ च्या गणनेचा आकडा १३,८७४ दिला जातो, पण मूळ अहवालात त्याचा पल्ला १२,६१६ ते १५,१३२ असा आहे. मी 'आकड्यातील अनिश्चितता' लिहिलं. वाचून एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे यांनाच काही ठाऊक नाही!" दुसरा शब्द सुचवा.

नारायणगाव:
आधी 'गणना' काढा. गणना म्हणजे एकेक डोकं मोजलं, असंच लोक धरतात. इथे कॅमेऱ्यात आलेला बिबट्या अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखतात. तोच पुन्हा किती वेळा येतो, यावरून न दिसलेल्यांचा अदमास बांधतात. शिवाय ती पाहणी मुख्यतः जंगलातली. आमचा बिबट्या उसात जन्मतो. हे सांगितलं नाही, तर पुढचं कुणी ऐकणार नाही.

शनिवार पेठ:
'सुमार' मुळात फारसी 'शुमार', म्हणजे मोजणं. म्हणून तर 'खानेसुमारी'. मोजण्याचाच शब्द मराठीत 'सुमारे' होऊन अदमासाकडे वळला, हे मला फार आवडतं. पण 'सुमार' आता हलक्या दर्जाला चिकटलाय, आणि 'सुमारे १४ हजार' म्हटलं की पल्ला हरवतो.

शिरूर:
पैसेवारीसारखं, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजासारखं लिहा ना. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. आकडा बदलतो हे शेतकऱ्याला नवं नाही.

नारायणगाव:
दादा, पैसेवारी ५० पैशांच्या वर दाखवली म्हणून दुष्काळी सवलती हुकलेली गावं आहेत. तो शब्द आला की लोक म्हणतील, हाही आकडा वरून ठरवलेला. 'सुधारित' मात्र घ्या, आणि कशामुळे सुधारला तेही त्याच ओळीत लिहा.

शनिवार पेठ:
नामच कशाला हवं? क्रियापद बघा. 'असतील' म्हणजे असतील-नसतील. 'असावेत' म्हणजे खुणा पाहून काढलेला निष्कर्ष. सकाळी अंगण ओलं दिसलं की आपण 'रात्री पाऊस पडला असावा' म्हणतो. त्यात अज्ञान नाही, पुरावा आहे.

सहकारनगर, पुणे:
हे पटलं. आता असं लिहिते: 'कॅमेऱ्यांतल्या नोंदींवरून देशात १२,६१६ ते १५,१३२ बिबटे असावेत. ही पाहणी मुख्यतः जंगलातली आहे. आपल्या उसातल्या बिबट्यांचा हा आकडा नव्हे.'

नारायणगाव:
दुसरं वाक्य आधी घ्या, ताई.